दोन झटक्यांच्या मधले दिवस

झरी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते मे १९४५मध्ये. डहाणू-उंबरगाव भागातले हजारो वारली इथे जमले, वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले, आणि पावसाळा सरताच लढा गवतावर येऊन ठेपला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी, एवढीच मागणी. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती हकिकत लिहून ठेवली आहे. इथले गवत मुंबईच्या तबेल्यांत जाई. वारल्यांनी ते कापायचे, वाळवायचे, दाबून गासड्या बांधायच्या. त्या कामात नाकातोंडात काय जात असेल, याचा हिशोब तेव्हा कोणी मागितला नव्हता. मजुरीचाच प्रश्न एवढा मोठा होता की श्वासाचा प्रश्न सुचणेही कठीण.

दम्यावरच्या पुस्तकाची प्रस्तावना मी गवतापासून सुरू करतो आहे, कारण अ‍ॅलर्जीचे शास्त्रही गवतापासूनच सुरू झाले. १८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्याच आजाराचे वर्णन मांडले. उन्हाळा आला की डोळे चुरचुरायचे, नाक गळायचे, छाती आवळून यायची. लोक या आजाराला गवताचा ताप म्हणू लागले. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्लीने गवताचे परागकण स्वतःच्या नाकाला, कातडीला लावून पाहिले आणि १८७३ साली पुस्तक लिहून दाखवून दिले की हा ताप गवताच्या वासाचा नाही, परागकणांचा आहे. एक कोडे मात्र त्यालाही सुटले नाही. गवतात जन्म काढणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार क्वचितच होई. होई तो शिकल्यासवरल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांना.

त्या कोड्याचे उत्तर आजही पूर्ण मिळालेले नाही, पण धागा हाती लागला आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, खाणेपिणे सारखे, मुले मोठ्या कुटुंबात वाढतात. आमिश अजून घोड्याने नांगरतात आणि त्यांची मुले लहानपणापासून गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती मोठी आणि यंत्रांची, घरापासून दूर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांत दमा सुमारे पाच टक्के निघाला, हटराइट मुलांत एकवीस. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरातली धूळ गोळा करून उंदरांना हुंगायला दिली, तर आमिश घरातल्या धुळीने उंदरांचा दम्यापासून बचाव झाला. गोठ्यातले जंतू लहान वयात शरीराला काहीतरी शिकवतात, असा याचा अर्थ लावला जातो. शेणाने सारवलेली जमीन, कुडाला लागून बांधलेल्या शेळ्या आणि अंगणभर कोंबड्या असलेले घर झरीच्या पाड्यांत कोणाला शोधावे लागत नाही. मागासलेपणाची खूण म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याच्यात मुलांचे काही भलेही असेल.

पण यावरून ‘आदिवासींना कुठला दमा’ असा सोयीचा निष्कर्ष कोणी काढू नये. एक तर गोठ्याची ही राखण अ‍ॅलर्जीच्या दम्यापुरती. धुराने, वारंवारच्या सर्दी-पडशाने, अशक्त जन्मल्याने लहान राहिलेल्या फुप्फुसांमुळे जो दम लागतो, त्याला शेणाचा सडा अडवत नाही. दुसरे असे की दमा किती जणांना आहे, याहून इथे दुसरा आकडा जास्त बोलका आहे. देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या माणसांत दम्याचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आढळले. श्रीमंत देशांच्या मानाने ते कमीच आहे. जगातले सुमारे तेरा टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने जगात जेवढी माणसे मरतात त्यांतली सुमारे बेचाळीस टक्के भारतात मरतात, असा जागतिक रोगभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे. आजार तोच, औषधेही तीच, आणि त्यांतली बरीचशी आपल्याच देशात बनतात. मग एवढी माणसे मरतात कशी?

माझे उत्तर साधे आहे. आपण दम्याचा झटका ओळखतो, दमा ओळखत नाही.

झटका कोणालाही कळतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला माणूस उठून बसतो, गुडघ्यांवर हात टेकतो, छातीतून शिट्टी वाजते, बोलताना वाक्य तुटते. मग घरचे धावपळ करतात. भगताकडे जातात, नाक्यावरच्या डॉक्टरकडे सुई घेतात, नाहीतर गाडी करून तलासरी, वापी, सिल्वासा गाठतात. वाफ मिळते, डेरिफायलिनची सुई मिळते, सकाळी माणूस चालत घरी येतो आणि दमा गेला असे सगळे मानतात. तो गेलेला नसतो. श्वासनळीच्या आतले अस्तर सुजलेलेच असते, त्यावर चिकट कफ असतो आणि नळीभोवतीचे स्नायू जरा धूर लागला, गार वारा लागला की आवळायला तयार असतात. झटक्याच्या वेळी दिलेले सालब्युटामॉल फक्त ते आवळलेले स्नायू सैल करते. सुजेला ते हातही लावत नाही. सूज उतरवायला श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड लागते, आणि ते बरे वाटत असतानाही घ्यावे लागते. ज्याच्या घरी रोजच्या मीठमिरचीचा हिशोब असतो, त्याने बरे असताना औषधावर पैसे घालावेत, हे डॉक्टरला सांगायला सोपे आहे.

नुसते स्नायू सैल करणाऱ्या आरामाच्या पंपावरच भिस्त ठेवली की काय होते, याचा धडा न्यूझीलंडने फार महागात शिकवला. १९७६मध्ये तिथे फेनोटेरॉल नावाचा जोरकस पंप आला आणि त्याच सुमारास तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू वाढले. पंप मारला की बरे वाटे, म्हणून माणसे घरीच थांबत, पुन्हा पंप मारत, आणि आतली सूज वाढत जाई. औषधाचा हृदयावरचा ताण निराळाच. १९८९ साली संशोधकांनी दोहोंचा संबंध दाखवला, औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू झपाट्याने घटले. ती पंप असलेल्या श्रीमंत देशाची गोष्ट. आपल्याकडे तोही नसतो. असते ती सालब्युटामॉलची गोळी, जी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि श्वासनळीपर्यंत पोचते ते थोडेसेच.

आता घरगुती उपायांविषयी. शहाण्यासुरत्या लेखकांची इथे दोन टोके दिसतात. एक जण सगळे अंधश्रद्धेत ढकलून मोकळा होतो, दुसऱ्याला आजीच्या बटव्यात सगळे विज्ञान आधीच सापडलेले असते. हे पुस्तक दोन्हीकडे गेले नाही, म्हणून मला ते आवडले.

धोतऱ्याचे उदाहरण घ्या. दम्याला धोतऱ्याचा धूर ओढण्याची चाल आपल्याकडे जुनी. मद्रासेत ती पाहून जनरल जेंट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली ती विलायतेला नेली, आणि पुढे दीडशे वर्षे युरोपात धोतऱ्याच्या विड्या दम्याचे औषध म्हणून विकल्या गेल्या. त्या धुराने खरोखरच आराम पडे, कारण धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनच्या जातीची द्रव्ये असतात आणि ती श्वासनळी सैल करतात. त्याच घराण्यातले, पण मेंदूवर फारसा परिणाम न करणारे इप्राट्रोपियम आज दवाखान्यातल्या वाफेत मिसळतात. म्हणजे आपला धोतरा जगभर फिरून शुद्ध होऊन परत आला. त्यामुळेच कच्चा धोतरा आता कोणी ओढू नये. त्यातले द्रव्य कोणत्या पानात किती, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जास्त झाले की माणूस बरळतो, प्रसंगी मरतो.

अडुळशाचेही असेच. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत ते किंवा त्याचे भावंड असते. अडुळशाच्या काढ्याने कफ सुटायला मदत होत असेल तर घ्यायला हरकत नाही. झटका मात्र त्याने थांबत नाही. कोऱ्या चहाची गोष्ट मला त्याहून मजेदार वाटते. एकोणिसाव्या शतकात हेन्री हाइड सॉल्टर हा लंडनचा डॉक्टर, जो स्वतः दमेकरी होता, दम्याला कडक कोरी कॉफी सांगत असे. कॉफीतले कॅफीन आणि डेरिफायलिनमधले थिओफायलिन सख्खी भावंडे. कॅफीनने फुप्फुसांचे काम काही तास थोडे सुधारते, हे नंतरच्या चाचण्यांनी दाखवले. तेव्हा आजारी माणसाला पाड्यावर गवती चहा घालून जो कोरा चहा देतात, त्यातल्या चहापत्तीचा थोडा उपयोग खराच. तो उकळत असतानाच गाडीची सोय करावी, एवढेच.

आणि दमवेल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात कुंपणावर, झुडपांवर चढणारा हा वेल. त्याच्या पानांची ख्याती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि तिची परीक्षा घेतली गेली हे फार थोड्यांना माहीत असते. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. एन. शिवपुरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दमेकऱ्यांना दमवेलीचे रोज एक पान, असे सहा दिवस चावून खायला दिले. खरे पान कोणाला आणि दिखाऊ पान कोणाला, हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, अशी ती कसोशीची चाचणी होती. पान खाल्लेल्यांना फायदा दिसला, आणि काहींना तो काही आठवडे टिकल्याचेही नोंदले गेले. तोंड येणे, मळमळ, उलटी हा त्रासही बऱ्याच जणांना झाला. काही काळ आशा पल्लवित झाल्या. मग १९७९ साली दुसऱ्या भारतीय गटाने तशीच आंधळी चाचणी केली, त्यात दमवेल आणि दिखाऊ औषध यांत फरक दिसला नाही. गोष्ट तिथेच अडकून राहिली. जे झाड आपल्याच कुंपणावर आहे आणि ज्याच्यावर आपल्याच देशात एवढे चांगले काम सुरू झाले होते, ते पन्नास वर्षे असे अर्धवट पडावे, याचे मला वाईट वाटते. निकाल काहीही लागो, तो लावायला हवा होता. तोवर दमवेलीच्या भरवशावर पंप बंद करणे हा जुगार आहे.

कोजागरीच्या रात्री खिरीतून देतात त्या औषधाबद्दल, किंवा मृगाच्या तोंडावर हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्या गर्दीबद्दल या पुस्तकाच्या लेखकांनी फारसे लिहिलेले नाही. एकच गोष्ट त्यांनी दाखवली, आणि ती पुरेशी आहे. दमा ऋतूंबरोबर चढतो-उतरतो. माणूस औषधाला निघतो तो सर्वांत बेजार झालेला असताना. त्यानंतर काही न करताही थोडा उतार पडणारच असतो, आणि श्रेय खिरीला जाते. यात एखादी रात्र जागण्यापलीकडे नुकसान नाही. खरी भीती पुडीची. ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या, कशाचे नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत पुन्हापुन्हा निघाले आहे. तीन दिवसांत दमा पळतो, भूक वाढते, माणूस खूश होतो. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम सोडली तर जिवावर बेतते. गंमत अशी की हाच माणूस पंपाला नको म्हणतो, कारण त्यात स्टेरॉइड असते असे त्याने ऐकलेले असते. पंपातल्या एका दाबात ते मायक्रोग्रॅममध्ये असते आणि बहुतांशी फुप्फुसातच काम करते. पुडीत ते मिलिग्रॅममध्ये असते, म्हणजे हजारपट मोठ्या एककात, आणि सगळ्या अंगाला लागते.

‘एकदा पंप लागला की सुटत नाही’ हे वाक्य ज्याने इथल्या दवाखान्यात एक दुपार काढली आहे, त्याने ऐकलेले असते. न सुटणारा असतो तो दमा. पण या समजुतीला नुसते हसून चालत नाही. रोज दोन वेळा पंप घ्या, बरे वाटले तरी घ्या, हा उपदेश डॉक्टरांनी पन्नास वर्षे केला आणि मुंबई-लंडनच्या रुग्णांनीही तो फारसा पाळला नाही. गेल्या काही वर्षांतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे संशोधन इथूनच निघाले. माणसे त्रास होईल तेव्हाच पंप घेणार असतील, तर त्याच पंपात सूज उतरवणारे औषधही का घालू नये? ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप फक्त त्रास होईल तेव्हा घ्यायचा, असे सौम्य दम्याच्या हजारो रुग्णांवर करून पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नुसत्या आरामाच्या पंपाच्या तुलनेत गंभीर झटके चौसष्ट टक्क्यांनी कमी झाले. पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये, दम्याचे जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या मंडळाने किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांना नुसते सालब्युटामॉल देणे बंद करा असे सांगितले. पन्नास वर्षांची रीत उलटली. संशोधन रुग्णाच्या सवयीकडे चालत आले, हे वैद्यकात फार वेळा घडत नाही, आणि ते झरीसारख्या गावाच्या जितके उपयोगाचे आहे तितके क्वचितच कुठल्या मोठ्या शहराच्या असेल. हा पंप जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २०१७पासून आहे, भारताच्या यादीतही आहे. यादीतून तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फडताळात कधी उतरतो, हा प्रश्न वैद्यकाच्या हातातला नाही. बारा वर्षांखालच्या मुलांची मात्रा आणि पद्धत वेगळी आहे. ती डॉक्टरनेच ठरवावी.

दुसरी गोष्ट बाटलीची. लहान मुलाला पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ जमत नाही, औषध जिभेवर पडते. म्हणून पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर नावाचा पोकळ डबा लावतात. तो विकत घ्यावा लागतो आणि हरवतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले की अर्धा लिटरच्या, थंड पेयाच्या साध्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच चांगला चालतो. बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक तापलेल्या तारेने पाडायचे, पंप घट्ट बसवून कडा चिकटवून टाकायच्या, आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यायचा. आधी बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता निथळत ठेवायची. पुसली तर प्लास्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध आतल्या बाजूला चिकटून बसते. एका वेळी एकच दाब, मग चार-पाच सावकाश श्वास. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. पंपाला स्पेसर जोडला की नेहमीच्या झटक्यात तो दवाखान्यातल्या वाफेच्या तोडीस तोड ठरतो, हेही अनेक चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. महामार्गाच्या कडेला पडलेल्या बाटल्यांची तलासरीत वाण नाही. तरी बाटली नवी, स्वच्छ घ्यावी.

महागड्या जैविक इंजेक्शनांचा या पुस्तकात उल्लेख आहे आणि तो थोडक्यातच आहे. ओमालिझुमॅब २००३पासून अमेरिकेत वापरात आहे, त्यानंतर त्याच्या जातीची अनेक औषधे आली, आणि ज्यांचा दमा कशालाच दाद देत नाही अशांना त्यांनी नवे आयुष्य दिले. इथल्या हजार दमेकऱ्यांपैकी नऊशेहून जास्त जणांना त्यांची गरज पडणार नाही. त्यांना साधा पंप नीट घ्यायला कोणी शिकवलेले नसते, एवढेच.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हे प्रकरण आशाताईंनी दोनदा वाचावे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर आधी क्षयासाठी थुंकी तपासायला हवी. रक्त कमी असले तरी चढ चढताना दम लागतो, आणि सिकलसेल या भागात अनोळखी नाही. चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे काढलेल्या बाईची फुप्फुसे विडी न ओढताही विडीबाजासारखी झालेली असतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये याच विषयाकडे जगाचे लक्ष वेधले होते. दमा येतो-जातो, रात्री आणि पहाटे बळावतो, ऋतूबरोबर बदलतो, पंपाने चटकन उतरतो. चुलीची धाप येते ती राहते.

धुराविषयी लिहिताना लेखकांनी उपदेश टाळला, हे बरे झाले. पाड्यावरच्या घरात धूर फुकट नसतो. माळ्यावरच्या बियाण्याला, टांगलेल्या सुकटीला तो कीड लागू देत नाही, छपराचा पेंढा सुका ठेवतो, डास हाकलतो. राब भाजल्याशिवाय भाताचे रोप जोर धरत नाही, असा शेतकऱ्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. दिवाळीनंतर जी कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यांना हवा निवडण्याची मुभा नसते. अशा घराला ‘धूर टाळा’ म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, सिलिंडर घराघरांत आले, आणि दुसरा भरायला पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यात उभे राहिले. फुकट गॅस पुरवून भारतासह चार देशांत (आपल्याकडे तमिळनाडूत) जी मोठी चाचणी झाली, तिच्यात स्वयंपाकघरातला धूर खूप घटला, पण बाळांचे जन्मवजन वाढले नाही आणि २०२४च्या निकालानुसार न्यूमोनियाही लक्षणीय घटला नाही. म्हणून गॅस नको असे नाही. दमेकरी मुलाला चुलीजवळ न झोपवणे, कुडाला वरच्या बाजूला झरोका काढणे, राब भाजण्याच्या दिवशी त्याला दुसऱ्या पाड्यावर मामाकडे पाठवणे, भट्टीवर जाताना सहा महिन्यांचे पंप बरोबर देणे, एवढे तरी हातात आहे. आणि डासांची कॉइल. बंद खोलीत रात्रभर जळणाऱ्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ सालच्या एका मोजणीत आढळले. ज्या घरात कोणी विडीला शिवत नाही, तिथेही बाळाच्या उशाशी कॉइल असते. मच्छरदाणी हा इथला सर्वांत स्वस्त दम्याचा उपाय आहे.

घराबाहेरच्या धुराची गोष्ट डहाणूला वेगळीच आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तरीही समुद्रकाठी कोळशावरचे पाचशे मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले. सल्फर डायऑक्साइड दमेकऱ्याच्या श्वासनळीला काही मिनिटांत आवळतो, हे नक्की झालेले शास्त्र आहे. वीजकेंद्राच्या धुराड्यातून तो काढून टाकणारे यंत्र बसवायची अट होती, कंपनी टाळत राहिली. नर्गिस इराणींसारखे चिकूच्या बागांतले लोक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी तीनशे कोटींची बँक हमी मागून कंपनीला वाटेवर आणले. २००७ साली यंत्र बसले. चिकूच्या मोहरासाठी झालेल्या या भांडणाचा लाभ किती छात्यांना झाला, कोणी मोजलेला नाही. पण दम्याच्या उपायांत मी त्याला पंपाच्या शेजारी बसवीन. जुलै २०२५मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना या यंत्रातून सूट दिली, हे वाचल्यावर तर जास्तच. शिवाय हा तालुका मधोमध अडकलेला आहे. उत्तरेला वापी, दक्षिणेला तारापूर. अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या केंद्रीय यादीत २००९ साली वापी देशात दुसरे होते आणि २०१८ साली तारापूर पहिले.

अ‍ॅलर्जीच्या प्रकरणातले एकच सांगतो. दमेकरी पोराचे केळे, दही, भात, आंबट बंद करायची रीत शहरात फार तर चिडचिड वाढवते. पालघर जिल्ह्यात, जिथे कुपोषण शेजारच्या घरात असते, ती रीत घातक आहे. खाल्ल्यावर काही वेळातच अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, उलट्या झाल्या, असे दोनदा घडले असेल तर तो पदार्थ टाळावा. आजी म्हणते म्हणून, किंवा अर्धवट रक्त तपासणीच्या लांबलचक यादीवरून, टाळू नये. पित्ताच्या गांधींवर आमसुलाचे पाणी लावले तर गार वाटते, लावावे. गांधीलमाशी चावून किंवा काही खाऊन जीभ सुजली, आवाज बसला, चक्कर आली, तर आमसूल ठेवून अ‍ॅड्रेनालिनच्या सुईसाठी धावावे. ती सुई जुनी आहे, स्वस्त आहे आणि तिला पर्याय नाही. बिब्बा उतल्याची आग मात्र दुसऱ्या जातीची अ‍ॅलर्जी. ती उशिरा येते, कातडीपुरती राहते, आणि एकदा झालेल्याने बिब्ब्याच्या झाडाखाली पुन्हा झोपू नये.

पुस्तकाचा शेवटचा भाग आश्रमशाळांसाठी आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी वाचला जावा. थंड देशांत दर सप्टेंबरला, शाळा उघडून दोन-तीन आठवडे झाले की दमेकरी मुलांची रुग्णालयात रांग लागते. मुले एकत्र येतात, सर्दीचे विषाणू फिरतात, सुट्टीत सुटलेला पंप सुटलेलाच असतो. आपल्याकडे शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसात, आणि आश्रमशाळेत मुले एकाच खोलीत, ओल्या भिंतींच्या आत, एकमेकांच्या शेजारी झोपतात. लेखकांनी अधीक्षकांसाठी एका पानाचा तक्ता केला आहे. कोणत्या मुलाला दमा आहे. त्याचा रोजचा पंप कोणता, झटक्याचा कोणता, बाटली कुठे. बोलता येत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले असतील तर बाटलीतून सालब्युटामॉलचे चार ते दहा दाब, दर वीस मिनिटांनी, आणि पहिल्या दाबाबरोबरच १०८ला फोन. या सगळ्याखाली एक मोकळा रकाना ठेवला आहे. औषधांच्या कपाटाची किल्ली रात्री कोणाकडे असते, त्याचे नाव तिथे लिहायचे आहे.